राजाची मोटार, झरीची एस.टी.

झरी जामणी तालुक्यातील आपल्या एका तरुण साथीने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. मोर्चासाठी तो मुंबईला गेला होता. रविवारी सकाळी मुक्कामाच्या जागेवरून बाहेर पडला, तर दक्षिण मुंबईच्या रस्त्यावरून जुन्या मोटारींचा ताफा चाललेला. लांब बॉनेटच्या, पितळी दिव्यांच्या, तारांच्या चाकांच्या त्या गाड्या पाहायला दुतर्फा माणसे उभी होती. हाही उभा राहिला. परत आल्यावर मला म्हणाला, "भाऊ, त्या गाड्या मला फार आवडल्या. तासभर जागचा हललो नाही. मग मनाला टोचणी लागली. ज्या गाड्यांत राजेमहाराजे बसले आणि ज्या आज धनिकांच्या मालकीच्या आहेत, त्या आवडणे हे आपल्या विचारात बसते का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याला दोन तयार उत्तरे आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. ही सारी श्रीमंतांची थेरं आहेत, कार्यकर्त्याने तिकडे ढुंकूनही पाहू नये, हे पहिले. सौंदर्याला वर्ग नसतो, गाडी पाहावी, आनंद घ्यावा आणि राजकारण घरी ठेवावे, हे दुसरे. पहिल्या उत्तराने आपण श्रमिकाच्या हातच्या कलाकृतीकडे पाठ फिरवतो. दुसऱ्याने त्या कलाकृतीचा हिशेब विचारण्याचा हक्क सोडून देतो. म्हणून या विषयाची थोडी तपशिलात मांडणी करतो.

जुन्या मोटारींची प्रदर्शने आपल्याकडे आता जुनी झाली आहेत. 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने दिल्लीत अशी रॅली १९६४ साली सुरू केली. पुढे मुंबई-पुण्यातही अशा मेळाव्यांची प्रथा पडली. तिथे येणाऱ्या छांदिष्टांची आस्था खरी असते, हे मान्य केले पाहिजे. एका दिव्याच्या मूळ काचेसाठी वर्षभर भंगारबाजार धुंडाळणारी, सत्तर वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरचा जेट हाताने साफ करताना जेवणाची शुद्ध नसणारी ही माणसे आहेत. एखादी वस्तू बिघडली की फेकावी आणि नवी आणावी, असे शिकवणाऱ्या बाजाराच्या काळात जुने यंत्र दुरुस्त करून चालते ठेवण्याचा हट्ट हा गुणच होय. त्याची टवाळी करण्याचे आपल्याला कारण नाही.

पण प्रदर्शनात गाडीपुढे ठेवलेली पाटी वाचावी. तिच्यावर गाडीचे नाव असते, निर्मितीचे वर्ष असते, इंजिनाची ताकद असते आणि मालकाचे नाव असते. कधी मूळ मालक असलेल्या संस्थानिकाचेही नाव असते. ज्या मिस्त्रीने ते इंजिन खोलून पुन्हा बांधले, ज्या पत्रेवाल्याने सडलेला मडगार्ड हातोडीने ठोकून मूळ वळणावर आणला, ज्याने तिच्या गाद्यांचे कुशनकाम केले, ज्या खरादीने बाजारात न मिळणारी बुश लेथवर कातून दिली, त्यांचे नाव त्या पाटीवर सहसा दिसत नाही. बक्षीस घ्यायला मालक व्यासपीठावर जातो आणि मिस्त्री गाडीच्या मागे फडक्याने हात पुसत उभा असतो. श्रम कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा आपला जुनाच प्रश्न इथे चकचकीत रंगात समोर येतो, एवढेच.

दुसरा हिशेब खजिन्याचा. यासाठी झरी जामणीपासून फार दूर जावे लागत नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो, आणि एके काळी तो निजामाच्या राज्यात होता. नदीच्या अलीकडचा आपला वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच होता. १८५३ साली इंग्रजांनी तो आपल्या कारभाराखाली घेतला आणि १९०२ च्या करारान्वये कायमच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे ठेवला. त्यापोटी निजामाला वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता आणि जमिनीचा सारा इंग्रज सरकारला हवा होता. त्या सगळ्या उलाढालीतून निजामाचा वाटा असा बसल्या जागी ठरला. वणी आणि केळापूरकडचे शेतकरी, कोलाम, गोंड, परधान यांना या कराराची वार्ताही कुणी दिली नसेल.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आज १९१२ सालची एक पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट प्रेक्षकांसाठी ठेवलेली आहे. सहाव्या निजामाने ती मागवली आणि ती पोहोचली सातव्याच्या कारकिर्दीत. आत राजासाठी सिंहासनासारखे आसन आहे. खास समारंभांपुरतीच ती बाहेर पडे, त्यामुळे फारशी चाललीच नाही. आपल्या वऱ्हाडच्या खंडातला कोणता रुपया त्या गाडीच्या कोणत्या चाकात गेला, हे कुणीच सांगू शकणार नाही. खजिना मात्र एकच होता. तो पिवळा रंग पाहून डोळे दिपले तर दिपू द्यावेत, पण ही गाडी आकाशातून पडलेली नाही, तिच्यात कुणाच्या तरी शेतसाऱ्याचा अंश आहे, हे मनात जागे असावे.

याच निजामी राजवटीने आणखी एक वाहन मागे ठेवले आहे. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन सरकारी प्रवासी सेवा सुरू केली. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. त्या काळातली एक आल्बियन बस तिथल्या परिवहन महामंडळाने जपून ठेवली आहे. एकाच राज्यातून आलेली ही दोन वाहने. एकीत एक माणूस बसे, तोही वर्षातून क्वचित. दुसरीत बाजाराला, कोर्टाला, लग्नाला निघालेली रयत बसे. वारसा म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे यांतले कोणते वाहन येते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

संस्थानांच्या मोटारींचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. ही मागणी समाजवादी चळवळीने सातत्याने केली होती आणि तिच्याबद्दल आजही खंत वाटण्याचे कारण नाही. तनखे गेल्यावर अनेक राजवाड्यांच्या गॅरेजमधून जुन्या गाड्या बाहेर पडल्या आणि उद्योगपती व व्यापारी यांच्या संग्रहात गेल्या. सरंजामदाराकडून भांडवलदाराकडे झालेले हे हस्तांतर होते. लोकांकडे त्यातले फार थोडे आले. अपवाद आहेत. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा सारे शहर ती पाहायला लोटते. तिथे सोने लुटायला आलेला हमाल आणि रिक्षावाला त्या गाडीला परकी मानत नाही. शाहू महाराजांच्या स्मृतीचे जे ऋण ते शहर मानते, त्याची छाया त्या गाडीवरही पडली आहे. राज्यकर्त्याने लोकांसाठी काही केले असेल तर लोक त्याच्या मोटारीवरही राग धरत नाहीत, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता राजांना बाजूला ठेवून साध्या गाडीकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर जी छोटी मोटार तयार होऊ लागली, तिलाच १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मध्यमवर्गीय माणूस ती मिळावी म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत असे. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने तिला काळा-पिवळा रंग देऊन आपल्या संसाराचे साधन केले. उत्तर प्रदेशातून, कोकणातून, मंगळूरकडून आलेल्या हजारो चालकांनी तिच्यातच झोपून, तिच्याच डिकीत अंथरूण ठेवून आयुष्ये काढली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्याआधी सहाच आठवडे, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस शेवटची धावली होती. मुंबईत दुमजली बस आली ती १९३७ साली.

त्या दोन्ही वेळी शहरात जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. कुणी आवाहन केले नव्हते, तरी माणसे डेपोत जमली, बसला हार घातले गेले, टॅक्सीसोबत छायाचित्रे काढली गेली. निदान एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी सामान्य प्रवाशांनी केली. म्हणजे जुन्या वाहनावरील माया ही श्रीमंतांची मिरास नाही. ज्या वाहनाने आपल्याला वाहिले त्याच्याविषयी कृतज्ञता वाटणे ही साधी माणूसपणाची खूण आहे. आपल्या तरुण साथीला मी हेच सांगितले की, रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहण्यात तुझे काहीही चुकलेले नाही.

मात्र पद्मिनीच्या निरोपाच्या त्या गर्दीत कुर्ल्याच्या कामगाराची आठवण किती जणांना झाली? प्रीमियरच्या कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली लढे दिले होते. एकेका गाडीच्या सांगाड्यावर किती हात फिरत, पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर किती जणांची बोटे गेली, हे त्या पिढीतल्या कुणाला विचारल्यास कळेल. तो कारखाना आज नाही. त्या जमिनीवर निवासी वसाहत व व्यापारी संकुल उभे आहे. गाडी प्रदर्शनात आली आणि ती घडवणारा मात्र इतिहासातून गेला. वारसा जपण्याची ही तऱ्हा अर्धीच आहे, असे मी म्हणेन.

'काळी-पिवळी' म्हटल्यावर मुंबईच्या माणसाला टॅक्सी आठवते. आपल्या वणी-पांढरकवडा भागात काळी-पिवळी म्हणजे वडापाची जीप. एस.टी. आली नाही, किंवा आली आणि थांबली नाही, की बाजाराच्या दिवशी हीच जीप मुकुटबन, पाटण, झरी अशी माणसे वाहते. आत किती बसली आणि मागे किती लोंबकळली, याची मोजदाद कुणी करत नाही. या जीपगाड्यांत अशा कित्येक असतात की ज्यांची पहिली उमेद दुसऱ्या कुठल्या तरी शहरात संपलेली असते. शहराला नकोशी झालेली गाडी जिल्ह्याला येते आणि जिल्ह्याला नकोशी झालेली तालुक्याला. शेवटचे काही हजार किलोमीटर ती पोडांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काढते. ते रस्तेही कसले? या भागात दगडी कोळसा आहे, चुनखडी आहे, मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला आहे. जड ट्रकांनी उखडलेले रस्ते आणि त्यांची धूळ ही वणी परिसराची रोजची तक्रार आहे.

अशा रस्त्यावर ती म्हातारी जीप चालती कोण ठेवतो? रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला मिस्त्री. पाटा तुटला तर तो दुसऱ्या गाडीचा पाटा कापून बसवतो. गॅस्केट मिळाले नाही तर जाड कागदाचे कापून वेळ मारून नेतो. इंजिन दमले तर कुठून तरी जुने इंजिन आणून त्याच सांगाड्यावर चढवतो. मुंबईचा छांदिष्ट जे करतो तेच हा करतो. त्याला आपण छंद म्हणतो आणि वृत्तपत्रे त्याची रंगीत छायाचित्रे छापतात. याला आपण नाइलाज म्हणतो आणि विसरून जातो. दोघांच्या बोटांतले ज्ञान मात्र एकाच जातीचे आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला क्युबामध्ये याचा मोठा नमुना पाहायला मिळतो. क्रांतीनंतर अमेरिकेने १९६० पासून व्यापारबंदी लादायला सुरुवात केली आणि १९६२ साली ती जवळजवळ संपूर्ण केली. नव्या अमेरिकन गाड्या बंद झाल्या, सुटे भाग बंद झाले. तेव्हा हवानाच्या मिस्त्र्यांनी १९५० च्या दशकातील शेव्रोले आणि फोर्ड गाड्यांना रशियन गाड्यांचे भाग बसवले, नसलेले भाग हाताने घडवले आणि त्या गाड्या साठ वर्षे टॅक्सी म्हणून पळवल्या. आज जगभरचे प्रवासी त्या पाहायला जातात. पण संग्राहकांच्या काटेकोर नियमांनी पाहिले तर त्यांतल्या बहुतेक गाड्या 'मूळ' नाहीत, कारण आतले इंजिनच दुसरे आहे.

इथे आपण मुद्द्यापाशी येतो. जुन्या वाहनाचे मोल ठरवण्याची सर्वमान्य कसोटी 'मूळ रूप' ही आहे. आपल्या सरकारनेही तीच स्वीकारली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली, सांगाडा, शरीर आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, इंधनाला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी आणता येत नाही.

या नियमात वरवर पाहता गैर काही नाही. पण त्याच्या पोटात काय आहे ते पाहा. पन्नास वर्षे मूळ रूपात कोणती गाडी राहील? जी फार राबली नाही ती. जिला बंद गॅरेज होते, जिच्यासाठी परदेशाहून सुटा भाग मागवण्याची ऐपत होती, जिच्यावर कुणाचे पोट नव्हते ती. जी गाडी राबली, जिने माणसे आणि कापसाच्या गाठी वाहिल्या, तिचे इंजिन बदलले जाणार, तिच्या शरीराला ठिगळे पडणार आणि पंधरा-वीस वर्षांत ती भंगारात जाणार. म्हणजे न राबलेली वस्तू वारसा ठरते आणि राबलेली वस्तू भंगार ठरते. माणसांच्या बाबतीत हा न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. वंशावळ जपली जाते ती राजघराण्याची. नांगर धरणाऱ्याच्या पणजोबाचे नाव त्याच्या पणतूलाही ठाऊक नसते. यंत्रांच्या बाबतीतही आपण तोच न्याय लावू लागलो आहोत. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाविषयी आपला आक्षेप असेल तर तो या कसोटीला असला पाहिजे.

आता दुसरा नियम पाहा. जानेवारी २०२३ मध्ये त्याच मंत्रालयाने अधिसूचना काढली की, पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होणार नाही. राज्य परिवहन महामंडळांच्या बसगाड्याही तिच्यात आल्या. गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. खिळखिळी बस रस्त्यावर ठेवा, अशी आपली मागणी नाही. जिचे ब्रेक लागत नाहीत, जिच्या छतातून पावसाळ्यात पाणी गळते, त्या बसविषयी हळवे होण्याची चैन तिच्यात रोज न बसणाऱ्यांनाच परवडते. झरीच्या प्रवाशाला जुनी बस नको आहे, त्याला वेळेवर येणारी चांगली बस हवी आहे. आपला प्रश्न एवढाच आहे की, जुनी बस मोडीत काढण्याची तारीख अधिसूचनेने ठरते, तर तिच्या जागी नवी येण्याची तारीख अधिसूचनेने का ठरत नाही? गाडी कमी पडली की आगार प्रमुख कोणती फेरी रद्द करतो? पुण्या-नागपूरची नक्कीच नव्हे. उत्पन्न कमी देणारी, आडवळणाची, पोडाच्या फाट्यावर थांबणारी फेरी आधी जाते.

त्या एका फेरीवर काय काय अवलंबून असते, हे तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येक साथीला माहीत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्याही मुलींना शाळेत नेतात. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे. या सवलती चांगल्या आहेत आणि त्या मिळवण्यात चळवळींचा वाटा आहे. पण बसच आली नाही तर पासाला काय अर्थ? कोलाम पोडावरची मुलगी सातवीनंतर शाळा सोडते तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा वेळापत्रकाच्या फळ्यावर पुसट झालेल्या एका ओळीत असते. बाळंतीण, म्हातारा, तहसीलला जातीच्या दाखल्यासाठी चौथ्यांदा निघालेला मजूर, या सगळ्यांचे राजकारण त्या फळ्यापाशी सुरू होते. झरी जामणीच्या लोकांसाठी वणी आणि पांढरकवडा ही आगारे बाजारपेठेइतकीच महत्त्वाची आहेत.

आणि वारशाचेच बोलायचे तर एस.टी.हून मोठा वारसा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दुसरा कोणता आहे? १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पहिली गाडी निघाली. तिचे चालक किसन राऊत होते आणि वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावे महाराष्ट्राने जपून ठेवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. राजाच्या मोटारीच्या पाटीवर चालकाचे नाव नसते. लोकांच्या गाडीचा इतिहास मात्र चालक-वाहकाच्या नावाने सुरू होतो. १९६१ साली विदर्भ आणि मराठवाड्यातील सरकारी सेवा एकत्र येऊन आजचे महामंडळ उभे राहिले. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथील महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत नुसत्या सांगाड्यावर बसची शरीरे बांधली गेली. तिथल्या सुतारांनी, वेल्डरांनी, रंगाऱ्यांनी महाराष्ट्राच्या चार पिढ्यांना वाहून नेणारी ती लाल गाडी घडवली. ऑक्टोबर २०२१ पासून पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या संपात याच कर्मचाऱ्यांनी, आम्हाला सरकारी सेवेत घ्या, म्हणून टोकाचे हाल सोसले. त्या संपाच्या नेतृत्वाविषयी आपले मतभेद होते आणि आजही आहेत. पण संपकऱ्याच्या घरात चूल का पेटत नव्हती, या प्रश्नावर मतभेद असू शकत नाहीत.

या गाडीवर प्रेम करणारे तरुणही आहेत. पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या हुबेहूब एस.टी. बनवणारी मुले खेडोपाडी भेटतात. २०१९ साली 'वारी लालपरीची' या नावाने एस.टी.च्या इतिहासाचे फिरते प्रदर्शन एका बसमध्येच मांडले गेले होते. ही धडपड मोटारशौकिनांइतकीच उत्कट आहे. तिच्यामागे धनिक नाहीत, एवढाच फरक.

म्हणून आपल्या शाखांनी या विषयावर गप्प बसू नये, असे मला वाटते. चार गोष्टींचा आग्रह आपण धरू शकतो. पहिली, जुनी बस मोडीत निघण्यापूर्वी त्या आगाराला नवी बस मिळाली पाहिजे, आणि फेऱ्या कमी करायची वेळ आलीच तर आदिवासी तालुक्यांच्या फेऱ्यांना सर्वांत शेवटी हात लागला पाहिजे. दुसरी, हिंगण्यासारख्या कार्यशाळेत सार्वजनिक वाहतुकीचे संग्रहालय उभे राहावे. मुंबईत बेस्टने आणिक आगारात असे संग्रहालय केलेले आहे, मग विदर्भात ते का नसावे? त्यात ठिगळे लावलेली, इंजिन बदललेली बस तशीच ठेवावी, आणि कोणते ठिगळ कोणत्या कामगाराने कोणत्या साली लावले, ते लिहून ठेवावे. तिसरी, रस्त्याकाठच्या मिस्त्र्यांच्या हातातील ज्ञानाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मान आणि प्रमाणपत्र मिळावे. विजेवर चालणारी वाहने आली की हा सारा वर्ग एका झटक्यात निरुपयोगी ठरवला जाईल. त्याला नवे तंत्र शिकवण्याची व्यवस्था आजच झाली पाहिजे. चौथी मागणी मोटारींच्या संग्राहकांकडे आहे आणि ती विनंतीच आहे. पाटीवर मिस्त्रीचे नाव लिहा आणि वर्षातून काही दिवस तुमची गॅरेजे शाळकरी मुलांना उघडी ठेवा. तुमच्या गाडीची शोभा त्याने कमी होणार नाही.

मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यांत तोवर नुसत्या लाकडी फळ्या असत. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून घेण्याची मागणी त्यांनी केली नाही. दुसऱ्या वर्गाला गादी मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. लांब पल्ल्याच्या गाडीत रात्रभर अंग अवघडून बसलेल्या कोट्यवधी माणसांना समाजवाद म्हणजे काय, हे त्या दोन इंचांनी जितके समजावले तितके आपल्या अनेक ठरावांनी समजावले नसेल.

जुन्या मोटारींकडे पाहण्याची दृष्टीही मला तिथेच सापडते. राजाची मोटार जाळायची नाही आणि तिला ओवाळायचीही नाही. ती घडवणाऱ्या हातांना नमस्कार करायचा, तिच्या किमतीचा हिशेब विचारायचा आणि मग झरीच्या फाट्यावर येऊन, साडेदहाची गाडी आज का आली नाही, म्हणून आगार प्रमुखाला निवेदन द्यायचे. आपल्या त्या तरुण साथीला मी हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "निवेदन मी लिहितो भाऊ, सह्या गोळा करायला तुम्ही चला." पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे स्थानकावर बसणार आहोत. ज्यांची फेरी रद्द झाली त्यांनी सही करायला यावे.